बापाचं नाव वाचून ये

अथेन्स, ११ ऑक्टोबर १९५८

बाबा,

तार मिळालीच असेल, पण दोन शब्दांच्या तारेनं माझं पोट भरत नाही. आपला इसिदोरस लागला! पतिसियोन रस्त्यावरच्या उच्च वाणिज्य विद्यालयात! मेस्ता गावातलं आपल्या घरचं पोरगं आता त्या संगमरवरी पायऱ्या चढणार.

मी एकटीच गेले होते यादी बघायला. फोतिस बँकेत होते आणि मला धीर धरवेना. केवढी गर्दी ती! पोरं एकमेकांच्या खांद्यांवरून भिंतीकडे बघत होती, आया छातीशी हात जोडून उभ्या. मी दोन कोपरं मारून पुढे घुसले. चष्मा घरी राहिला होता (खरं सांगते, मुद्दाम ठेवला होता, तो लावला की मी अगदी तुमच्या आईसारखी दिसते). पण ‘झेर्वूदिस इसिदोरस’ एवढं दिसलं आणि मी किंचाळलेच. शेजारच्या अनोळखी बाईनं माझ्या गालाचा मुका घेतला. मग मी जी धावले ती थेट तारघरात.

दोघा चुलतभावांचं नाव एकच, आणि यादीत ते एकदाच होतं, बाबा. म्हणजे आपला सिदेरिस लागला आणि बिचारा दोरोस राहिला. त्याला जरा जपून सांगा. परीक्षेला दोघं इथं राहिले होते, तेव्हा दोरोसनं माझ्या स्वयंपाकघराचं दार दुरुस्त केलं, तेव्हापासून ते कुरकुरत नाही. असं पोरगं दुखावलं तर मला सहन होणार नाही.

फोतिस संध्याकाळपासून गुणगुणताहेत. ते स्वतः त्याच विद्यालयाचे ना. म्हणतात, “त्या इमारतीनं मला माणसांत आणलं, आता तुझ्या भाच्याला आणेल.” मी आतल्या खोलीत गादी घातली सुद्धा. आर्गिरोवहिनीला म्हणावं, लोकरीचे मोजे तेवढे पाठव, बाकी सगळं मी बघते.

तुमची मारूको


मेस्ता, खिओस बेट, १७ ऑक्टोबर १९५८

मारूको, पोरी, बापाचा आशीर्वाद घे.

तुझी तार आली तेव्हा मी कॉफीच्या दुकानात पत्ते हरत होतो. तारवाल्यानं चौकातच मोठ्यानं वाचली. ‘इसिदोरस लागला.’ कुणी विचारलं सुद्धा नाही कुठला इसिदोरस. आपल्या घरात तिघं इसिदोरस. एक मी, आणि मी काही परीक्षेला बसलो नव्हतो. माझ्या दोन्ही पोरांनी रीतीप्रमाणे पहिल्या मुलाला माझं नाव दिलं, आता भोगा. पण मिखालिसचा तो सिदेरिस आणि पांतेलिसचा तो दोरोस, आणि पुस्तकातला किडा कोण ते कोंबड्यांनाही ठाऊक आहे. लोक सरळ आर्गिरोच्या दारात गेले.

आता तुझ्या वहिनीचं ऐक. ती मास्तिखाचा डिंक निवडत बसली होती. ऐकलं, उठली, हात धुतले, आत गेली. बाहेर आली तेव्हा डोक्याला काळा रुमाल नव्हता, तपकिरी होता. मिखालिस युद्धात बोटीबरोबर बुडाला तेव्हापासून मी तिला दुसऱ्या रंगात पाहिलेलं नाही. मी अंजिराच्या झाडाकडे बघत राहिलो, म्हातारपणी डोळ्यांत काहीतरी जातंच.

तुला माहीतच आहे, सिदेरिस नापास झाला असता तर पुढच्या महिन्यात त्याला बोटीवर जायचं होतं. कप्तानाला शब्द दिला होता, खलाशाचे बूट सुद्धा घेतले होते. आर्गिरोनं उन्हाळाभर तोंडातून चकार शब्द काढला नाही, पण त्या बुटांवरून ती अशी जायची, जणू तिथं साप बसलाय. काल तिनं ते बूट उचलून दूधवाल्याला देऊन टाकले.

आणि दोरोसची काळजी करू नकोस. चुलतभावाला खांद्यावर घेऊन सबंध चौक नाचला तो. हरलेलं पोरगं एवढं खूश मी कधी पाहिलं नाही. मला तर जरा चमत्कारिकच वाटलं.

नाव घालायला कोणते कागद लागतात ते जावईबापूंना विचारून कळव.

तुझा बाप, इसिदोरस (मोठा)


अथेन्स, २४ ऑक्टोबर १९५८

बाबा,

हे पत्र एकट्यानं वाचा. कॉफीच्या दुकानात नको.

फोतिस काल कागदांची चौकशी करायला विद्यालयात गेले. तिथल्या माणसानं वही उघडली आणि वाचलं, “झेर्वूदिस इसिदोरस, पांतेलिसचा.” फोतिस म्हणाले, “मिखालिसचा.” तो म्हणाला, “पांतेलिसचा, साहेब.” घरी येऊन त्यांनी टोपी सुद्धा काढली नाही, तसेच बसून राहिले.

मी आज चष्मा लावून गेले. यादी अजून भिंतीवर आहे. प्रत्येक नावापुढे बापाचं नाव आहे, बाबा, ठसठशीत. आपल्या देशात बापाच्या नावाशिवाय कुणाचं नाव पुरं होत नाही हे मला, एका घरातल्या तीन इसिदोरसांत वाढलेल्या बाईला, कळू नये? पांतेलिस लिहिलंय. मी तीनतीनदा वाचलं. दोरोस लागलाय.

मी काय करून ठेवलं! वहिनीचा तो तपकिरी रुमाल डोळ्यांसमोरून हलत नाही. मला दोष द्या, शिव्या द्या, पण काय करायचं ते सांगा. नावं घालायला अजून महिनाभर मुदत आहे. मी इथं कुणाला काही बोलले नाही. फोतिसना काल जेवण गेलं नाही, मला आज.

मारूको


मेस्ता, ३१ ऑक्टोबर १९५८

मारूको,

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझ्या नाकाला, तुझ्या चष्म्याला आणि आरशाला, तिघांनाही शिव्या घातल्या. आता राग ओसरला. अशी गफलत आपल्याकडेच व्हायची, आणि ती माझ्याच नावावरून झालीय तर मी कुणावर ओरडू?

शेवटची वेचणी चाललीय. मी दोरोसला झाडांत गाठलं. झाडाखाली पालथा पडून डिंकाचे खडे उचलत होता. मी म्हटलं, “पोरा, परीक्षेत लागलास तू.” तो उठला पण नाही. म्हणाला, “हळू बोला, आजोबा.”

“तुला ठाऊक होतं?”

“सिदेरिसला गणिताच्या पेपराच्या दिवशी ताप होता. अर्धे कागद कोरे दिले त्यानं. मला त्यानं शपथ घातली होती, आईला सांगायचं नाही म्हणून. तार आली तेव्हाच मला शंका आली.”

“मग गप्प का राहिलास, गाढवा?”

त्यावर काय म्हणाला ऐक. “काकूंचा रुमाल बघितलात ना तुम्ही? मला ही झाडं आहेत, बाबा आहेत. त्याला बोटच आहे. कागदावर इसिदोरस झेर्वूदिस आहे ना? मग इसिदोरस झेर्वूदिसच जाऊ दे.”

खोटं बोलत होता, मारूको. त्याला जायचंय. त्याच्या खिशात जावईबापूंनी दिलेली ती जुनी पुस्तिका आहे, कोणत्या वर्षी काय शिकवतात ती. डिंकानं चिकटलीय, पण दर दुपारी उघडतो. पांतेलिसला तर मुलानं झाडं सोडून कुठं जावं असं वाटतच नाही. त्याला कळलं नाही तर तो विचारणारही नाही.

तर मी एक विचारतो. म्हाताऱ्याचा विचार आहे, हसू नकोस. नाव माझं आहे. मी दोघांनाही दिलंय. बाकी राहतो तो बापाच्या नावाचा एक शब्द. फोतिस वीसपंचवीस वर्षं त्या विद्यालयात ये-जा करतो, लोक त्याला ओळखतात. गावच्या कारकुनाला मी सांगेन, तो दाखल्यावर काय हवं ते लिहील. मिखालिसच्या पोराला पांतेलिसचा म्हणून आत घालता येईल का? एका पोराच्या ओठावर ‘हो’ आहे, दुसऱ्याला काही कळलेलं नाही, आणि एक बाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा समुद्राकडे पाठ न करता बसलीय. मला तो रुमाल परत काळा झालेला बघायचा नाही.

जावयाला विचार. मी त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही.

बाबा


अथेन्स, ५ नोव्हेंबर १९५८

बाबा,

विचारलं. फोतिस तुमचं पत्र घेऊन गच्चीवर गेले. खाली आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, “बाबांना माझ्या शब्दांत लिही, तुझ्या नको.” तसं लिहिते.

“बाबा, मी समुद्रापलीकडच्या स्मिर्ना शहरातून पळून आलो तेव्हा माझ्याकडे अंगातला सदरा होता. घर जळलं, चर्च जळलं, जिथं माझा जन्म लिहिला होता तो कागद जळला. बापाला सैनिकांनी धक्क्यावरून नेलं, त्यानंतर तो दिसला नाही. तेव्हा हे विद्यालय नवं होतं, वीस सालचं, आमच्या येण्याच्या दोन वर्षं आधीचं. लोक हसायचे, व्यापार काय शाळेत शिकतात का म्हणून. पण देशात आमच्यासारखी लाखो निर्वासित माणसं आली होती आणि त्यांना पोटाला लावायचं होतं. बँका चालवायच्या, बंदरं चालवायची, आणि ते येणारी माणसं नव्हती. दिवसा मी गोण्या वाहायचो. परीक्षा दिली, लागलो. नाव घालायच्या खोलीत कागद मागितले. मी म्हटलं, नाहीत. मेजामागच्या माणसानं दोन साक्षीदार बोलवायला सांगितलं. स्मिर्नातल्या माझ्याच गल्लीतले दोन म्हातारे आले, त्यांनी शपथ घेतली, आणि त्यानं वहीत लिहिलं: फोतिस, अनास्तासिसचा.

“बाबा, माझ्या बापाचं थडगं नाही. दिवा कुठं लावायचा ते मला माहीत नाही. जगात एकाच ठिकाणी त्याचं नाव शाईनं लिहिलेलं आहे, ते त्या इमारतीत आहे. मी बँकेतून घरी येताना तो रस्ता घेतो, उगाच नाही.

“तुम्ही एक शब्द म्हणता. सिदेरिस पांतेलिसचा म्हणून आत गेला तर चार वर्षांनी दाखला मिळेल तोही पांतेलिसच्या पोराचा. नोकरीत, लग्नात, त्याच्या मुलांच्या कागदांत, सगळीकडे तेच. मिखालिस एकदा बुडाला. त्याला आपल्याच हातांनी परत बुडवू नका. मी तुमचं काहीही ऐकेन, हे ऐकणार नाही.”

हे त्यांचं. आता माझं. दोरोसला पाठवा. आणि सिदेरिसलाही पाठवा. गादी एक आहे, पण दोघं लहानपणी एका गाढवावर बसायचे, गादीवर काय मावणार नाहीत? फोतिसच्या ओळखीचा पिरेयसला एक जहाजवाल्यांचा दलाल आहे, त्याच्या कचेरीत पोराला काम मिळेल. जहाजांच्या कचेरीत, बाबा, जहाजावर नाही. दिवसा काम, संध्याकाळी दोरोसच्या वह्या. पुढच्या सप्टेंबरात परत परीक्षा.

वहिनीला सांगायचं धैर्य मात्र तुम्हालाच करावं लागेल. मला झालं असतं तर बोटीनं आले असते. खरंच, मला नाही होत.

मारूको


मेस्ता, १२ नोव्हेंबर १९५८

पोरी,

जावयाचं पत्र मी चर्चच्या पायरीवर बसून वाचलं. त्याला म्हणावं, म्हाताऱ्याला लाज वाटली आणि बरंही वाटलं. त्याच्या बापाचं नाव मला आजवर ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं जावई म्हणून जेवायला वाढलं आणि कधी विचारलं नाही. रविवारी मी पाद्रीबुवांना मिखालिसबरोबर अनास्तासिसचंही नाव घ्यायला सांगितलं.

मग आर्गिरोकडे गेलो. सिदेरिस घरातच होता. दोघांना एकदमच सांगितलं, कारण दोनदा सांगायची ताकद नव्हती. फसवायचं माझ्या मनात आलं होतं, तेही सांगितलं.

ती चाळणी हातात धरून बसली होती. बराच वेळ नुसते खडे हलवत राहिली. मग म्हणाली, “मामंजी, म्हणजे माझ्या पोराला यांचं नाव सोडावं लागलं असतं?”

“हो.”

“मग बरं झालं हो.” आणि रडली. रुमाल तपकिरीच राहिला, मारूको. मी तिच्या डोक्याकडेच बघत होतो. तिनं हात वर नेला, गाठ चाचपली, आणि तशीच ठेवली.

सिदेरिस मात्र ताडकन उठून बाहेर गेला. मला वाटलं, हा आता थेट कप्तानाकडे जातो. मागं गेलो तर झाडांत दोरोसची गचांडी धरलेली. “मला दान देतोस होय रे? भीक घालतोस?” आणि दोरोस, “तुझ्यासाठी नाही, काकूंसाठी!” दोघं मातीत लोळले, डिंकाची टोपली उलटली, पांतेलिस धावत आला, आणि अशा रीतीनं पांतेलिसला कळलं की त्याचा पोरगा अथेन्सच्या विद्यालयात लागलाय. पहिल्यांदा म्हणाला, “मग झाडांना चिरा कोण पाडणार, मी एकटा?” अर्ध्या तासानं कॉफीच्या दुकानात सगळ्यांना स्वतःच्या खर्चानं पाजत होता.

गुरुवारच्या बोटीनं दोघं येताहेत. आर्गिरो धक्क्यावर येणार नाही, ती समुद्राजवळ जात नाही हे तुला ठाऊक आहे. ती घरातूनच पोराला निरोप देणार. मला म्हणाली, “पोरींना म्हणावं, कचेरीची खिडकी समुद्राकडे असली तर त्याला पाठ करून बसव.” पोरींना म्हणजे तुला. घाबरली की सगळ्यांना पोरी म्हणते.

मोजे चार जोड पाठवलेत. दोन दोरोसचे. ते तिनंच विणलेत.

बाबा


अथेन्स, १५ मे १९५९

बाबा,

काल आपल्या नावाचा दिवस झाला, संत इसिदोरसचा. तुमच्याकडे सगळा गाव आला असेल. इथं मी म्हटलं, परक्या शहरात कोण येणार, म्हणून छोटं पातेलं ठेवलं. आणि दोरोसच्या वर्गातली निम्मी पोरं दारात! इसिदोरसचा दिवस, न बोलवता यायचं असतं, एवढं त्यांनाही कळतं. फक्त आल्यावर पंचाईत झाली. “कुठल्या इसिदोरसला शुभेच्छा द्यायच्या?” दोरोस म्हणाला, “हा मोठा, माझा शिक्षक आहे.” सिदेरिस म्हणाला, “खोटं, हा माझा शिक्षक.” तुमच्या मास्तिखाचा गोड पाक मी गार पाण्यात चमचाचमचा घालून दिला, क्षणात संपला.

सिदेरिस वाळलाय, पण ठीक आहे. दलाल त्याच्यावर खूश आहे. दोन आठवड्यांपूर्वी एका कप्तानानं त्याला बोटीवर बोलावलं होतं, चांगल्या पगारावर. घरी येऊन त्यानं सांगितलं आणि जेवत राहिला. दोरोस जेवायचा थांबला. मीही. शेवटी सिदेरिस म्हणाला, “मी नाही म्हटलं हो. असे काय बघता?” वहिनीला हे सांगा, किंवा नका सांगू, तुम्हीच ठरवा.

फोतिस दर रविवारी त्याचं गणित तपासतात. चूक सापडली की इतके खूश होतात की पोरगं मुद्दाम एकदोन करतं, असा मला संशय आहे.

मारूको


अथेन्स, १० ऑक्टोबर १९५९

बाबा,

आम्ही चौघं गेलो. मी घरातूनच चष्मा लावून निघाले. ट्राममध्ये, रस्त्यात, सगळ्यांनी बघितलं तर बघितलं. सिदेरिस फाटकाशी थांबला. आत यायलाच तयार नाही. दोरोस म्हणाला, “आत्या, तूच जा. आणि बापाचं नाव वाचून ये, मागच्यासारखं नको.”

तीच भिंत. मी कोपरं मारली नाहीत, रांगेत उभी राहिले. बोट ठेवून खाली आले, झेर्वूदिस. इसिदोरस. मग डोळे मिटले. मग उघडले.

मिखालिसचा.

बाबा, मी ते मोठ्यानं वाचलं. “मिखालिसचा!” त्या गजबजलेल्या दालनात माझ्या भावाचं नाव असं घुमलं. शेजारच्या पोरांना वाटलं, मिखालिसच लागला. वाटू दे वाटलं तर. फोतिस टोपी हातात घेऊन त्या एका ओळीपुढे उभे राहिले, चर्चमध्ये राहावं तसे. मग बाहेर जाऊन सिदेरिसला त्यांनीच मिठी मारली.

तारेत इसिदोरस शब्द मुद्दाम घातला नाही. ‘मिखालिसचा लागला.’ एवढीच केली. चुकायला जागा ठेवली नाही.

मारूको


मेस्ता, १२ ऑक्टोबर १९५९

मारूको, माझ्या पोरी,

तार चौकात वाचली. या वेळी कुणी ओरडलं नाही. माझ्या पत्त्यांच्या जोडीदारांनी टोप्या काढल्या. सोळा वर्षांनी गावात कुणी मिखालिसचं नाव आनंदानं उच्चारलं.

मी तारेचा कागद आर्गिरोकडे नेला. तिला मोठी अक्षरं तेवढी वाचता येतात, तिनं बोट फिरवत वाचलं. मग विचारलं, “मामंजी, तिथं भिंतीवर हे असंच लिहिलंय? यांचं नाव?”

“हो, छापलेलं आहे.”

“किती दिवस ठेवतात?”

म्हटलं, “ठेवतात थोडे दिवस, मग काढत असतील.”

ती उठली. आत गेली. थोड्या वेळानं बघतो तर पिशवी भरत होती. मी म्हटलं, “कुठं?” म्हणाली, “बोट केव्हा सुटते?”

मारूको, ही बाई सोळा वर्षांत बंदरावर गेली नाही. मासळी आणायला मला पाठवते. मिखालिसला कुठं थडगं नाही, तर ती दर शनिवारी नुसत्या उंबऱ्यावर दिवा लावते. मी तिला हाताला धरून धक्क्यावर नेलं. फळीवर पाय ठेवताना तिनं खाली पाण्याकडे पाहिलं, छातीवर क्रूसाची खूण केली, आणि गेली. मागं वळून मला म्हणाली, “लवकर येते हो, डिंक झाकून ठेवा.”

हे पत्र धक्क्यावर बसूनच लिहितोय, बोट सुटायच्या आत खलाशाकडून तिच्याच पिशवीत पोचवतो. पोरांना तार केलीय, ती धक्क्यावर उभी असतील. तू वाचशील तेव्हा ती तुझ्या स्वयंपाकघरात बसलेली असेल. तिला आधी काहीतरी खायला घाल. मग चष्मा लाव आणि विद्यालयात घेऊन जा. ती तिथं भिंतीपुढे क्रूसाची खूण करील, चार पोरं हसली तर हसू दे. फोतिसला सोबत ने, त्याला कळेल.

बोट ठेवून तिला ती ओळ दाखव. आणि घाई करू नकोस, तिला हवं तेवढा वेळ वाचू दे.

तुझा बाप,
इसिदोरस, निकोलासचा